लाकडी जॉब लेथवर नेमका कशाने धरला जातो?

लेथ म्हणजे वस्तू फिरती ठेवून ती कातण्याचे यंत्र, हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही बोळात शिरले, तरी एखाद्या शेडमधून लोखंड कातल्याचा आवाज येतोच. मात्र ज्याने आयुष्यभर लोखंड कातले आहे, तो माणूस पहिल्यांदा सागवानाचा ठोकळा लेथवर चढवतो तेव्हा बहुधा एकच चूक करतो. तो ठोकळा चांगला आवळून बांधतो आणि एकदा बांधला म्हणजे ते काम संपले असे समजतो. लोखंड एकदा धरले की धरलेले राहते. लाकूड तसे राहत नाही, कारण ते दाबाखाली चेपते, घर्षणाने जळते, हवेप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि चुकीच्या जागी दाब आला तर सरळ उभे चिरते. म्हणून लाकडी जॉब, म्हणजे लेथवर चढवलेला तुकडा, बांधणे ही सुरुवातीला एकदाच करायची कृती नसून काम संपेपर्यंत अधूनमधून पुन्हा पुन्हा पाहायची गोष्ट आहे. ती कशी पाहायची, हे या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडले आहे.

प्रथम मर्यादा स्पष्ट करतो. लेथवर लाकूड दोन प्रकारे चढते. पोळपाट किंवा वाडगा करताना लाकडाचे रेषे लेथच्या अक्षाला आडवे असतात. लाटणे, देवघराचा खांब, पाळण्याचे दांडे, जिन्याच्या कठड्याचे उभे दांडे किंवा फौंड्रीसाठी लागणारा लांबट गोल पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना) करताना ते अक्षाला समांतर असतात. या दुसऱ्या प्रकाराला स्पिंडल टर्निंग म्हणतात आणि येथे फक्त त्याचाच विचार केला आहे. पोळपाटाची पकड हा वेगळा विषय आहे. तेथे चालणारे काही उपाय, उदाहरणार्थ टोकात सरळ स्क्रू मारून धरणे, लाटण्याला मुळीच चालत नाहीत, कारण रेष्यांच्या दिशेने घुसलेल्या स्क्रूला लाकूड फार कमी पकडते.

धरणे, फिरवणे आणि दाबणे

जुन्या कातारी कामात लेथला मोटार नव्हती. दोन खुंटांना बसवलेल्या दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचे, त्याच्याभोवती दोरीचा एक वेढा द्यायचा आणि मदतनिसाने ती दोरी आलटून पालटून ओढायची, किंवा कारागिराने स्वतःच धनुकलीने लाकूड पुढे-मागे फिरवायचे, अशी ती रीत होती. लाकूड हत्याराकडे फिरे तेवढ्याच खेपेला कापले जाई, उलटे फिरताना नाही. हे वर्णन येथे देण्याचे कारण असे की त्या साध्या यंत्रात दोन कामे स्वच्छ वेगळी दिसतात: टोके लाकडाला फक्त जागेवर धरत होती आणि फिरवण्याचे काम दोरी करत होती. आजच्या लेथमध्ये दोरी गेली आणि फिरवण्याचे काम डाव्या बाजूच्या टोकावर आले. म्हणजे हेडस्टॉकमधले, मोटारीने फिरणाऱ्या डाव्या भागातले, सेंटर आता लाकडाला मध्यावर धरते आणि फिरवतेही. उजवीकडच्या टेलस्टॉकचे सेंटर दुसरे टोक मध्यावर धरते आणि सगळे लाकूड हेडस्टॉककडे दाबून ठेवते.

हा दाब जेव्हा कमी होतो, तेव्हा डावीकडचे दात लाकडातून निसटू लागतात. लाकूड थांबते, दात मात्र फिरत राहतात आणि त्या टोकाला गोल खड्डा पाडतात. कारागीर म्हणतात, ‘जॉब स्लिप मारतोय.’ दोष डावीकडे दिसतो, पण त्याचे कारण बहुतेक वेळा उजवीकडे असते. एवढे एक लक्षात राहिले तरी निम्म्या अडचणी उलगडतात.

ठोकळा निवडताना

पकड चांगली असूनही लाकूडच दगा देऊ शकते, म्हणून ठोकळा आधी हातात फिरवून पाहावा. रेषे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेले असावेत. ते तिरके जाऊन मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर दांडा बारीक होताच नेमका तेथे तुटतो; त्या ठिकाणी लांब धाग्यांऐवजी आखूड तुकड्यांची चवड उरलेली असते. गाठी, टोकाच्या भेगा आणि खोडाचा अगदी मधला ठिसूळ भाग टाळावा. टोकाची भेग दिसते त्यापेक्षा आत गेलेली असते, म्हणून दिसणाऱ्या भेगेच्या पुढे बोटभर तरी लाकूड कापून टाकावे.

कोल्हापुरात जुने वाडे उतरवताना निघालेले सागवान पुष्कळांना प्रिय आहे, आणि ते योग्यच आहे; इतके मुरलेले लाकूड नव्याने विकत मिळणे कठीण. मात्र त्यात खिळे असतात. डोके तुटलेला, गंजून काळा पडलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, फक्त भोवतालच्या लाकडावर निळसर-काळा डाग असतो. ठोकळ्याच्या चारही बाजूंवरून साधे लोहचुंबक दोऱ्याला बांधून फिरवले, तर वरवरचे खिळे सापडतात.

लांबी मोजताना तयार वस्तूपेक्षा प्रत्येक टोकाला १५ ते २० मिलिमीटर जास्त ठेवावी. सेंटरची भोके, दातांच्या खुणा आणि चेपलेला भाग या वाया जाणाऱ्या लाकडात राहतो. लाकडाची कंजुषी येथे केली, की शेवटी लाटण्याच्या टोकावर चार दातांचे ठसे उरतात आणि ते घासून जात नाहीत.

मध्य काढणे

चौकोनी ठोकळ्याच्या टोकावर दोन कर्ण आखले की छेदबिंदू हा मध्य होतो, हे शाळेतच शिकवलेले असते. पण ठोकळा खरोखर काटकोनात असेल तरच कर्ण खरे बोलतात, म्हणून आधी गुण्या लावून पाहावे. टोकेही काटकोनात कापलेली असावीत. टोक तिरपे असेल तर चार दातांच्या सेंटरचे दोनच दात लाकडात रुततात आणि उरलेले दोन हवेत राहतात.

मध्य किती काटेकोर हवा, याचे उत्तर वस्तूवर अवलंबून आहे, आणि नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही असा माझा अनुभव आहे. लाटणे टोकापासून टोकापर्यंत गोल असते. त्याचा मध्य दोन मिलिमीटर चुकला, तर सुरुवातीला जॉब थरथरतो, पण एकदा सगळीकडून गोल झाला की तो आपोआप नव्या अक्षाभोवती समतोल होतो. तुमचे नुकसान फक्त थोड्या जाडीचे. जिन्याच्या कठड्याचा दांडा तसा नसतो. त्याचे वरचे आणि खालचे टोक चौकोनीच ठेवायचे असते आणि मधला भाग तेवढा गोल करायचा असतो. तेथे मध्य दोन मिलिमीटर चुकला, तर गोल भाग चौकोनाच्या एका बाजूला सरकलेला दिसतो, चौकोनातून गोलात जाणारे खांदे चार बाजूंना चार उंचीचे होतात, आणि हा दोष नंतर कशानेही झाकता येत नाही. देवघराच्या खांबांनाही हेच लागू आहे. अशा कामात कर्णांवर विसंबून न राहता खतावणीने (कडेला समांतर रेघ ओढायच्या सुताराच्या हत्याराने) चारही बाजूंकडून रेघ ओढून मध्ये उरलेला लहान चौकोन पाहावा आणि त्याच्या मध्यावर पंच मारावा.

हेडस्टॉकची बाजू

डावीकडे जे दातेरी सेंटर बसते त्याला स्पर सेंटर म्हणतात. त्याच्या मध्यावर एक अणी असते आणि भोवती दोन किंवा चार दात. अणी जागा दाखवते, दात फिरवतात. येथे एक बारीक गोष्ट आहे: अणी फार लांब असेल आणि तिच्यासाठी पाडलेले भोक उथळ असेल, तर अणी तळाला टेकते आणि दात लाकडात पुरेसे रुतण्याआधीच सेंटर थांबते. बाहेरून सगळे घट्ट वाटते, प्रत्यक्षात लाकूड एका अणीवर टेकलेले असते. म्हणून मध्यावर ३ मिलिमीटरच्या ड्रिलने अणीपेक्षा थोडे खोल भोक पाडून घ्यावे.

दात लाकडात बसवण्यासाठी सेंटर लेथमधून काढून, ठोकळा बाकावर उभा धरून, मोगरीने दोन ठोके मारावेत. सेंटर हेडस्टॉकमध्ये ठेवूनच ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकावर हातोडा मारण्याची सवय अनेक शेडमध्ये दिसते, कारण त्यात अर्धा मिनिट वाचतो. पण तो प्रत्येक ठोका हेडस्टॉकच्या बेअरिंगला बसतो. लोखंडी हातोडाही सेंटरवर मारू नये. त्याने सेंटरची मागची कड पसरते आणि मग ते लेथच्या भोकात नीट बसत नाही.

सागवानात दात तीनेक मिलिमीटर सहज रुततात. शिसव किंवा बाभूळ असेल तर ते रुतत नाहीत. तेथे दोन्ही कर्णांवर करवतीने तेवढीच खोल खाच घ्यावी आणि दात त्या खाचांत बसवावेत. टोकाला एखादी बारीक चीर असेल आणि तो ठोकळा वापरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दात चिरेच्या रेषेत कधीही बसवू नयेत, कारण दात म्हणजे अखेर लहान पाचरीच असतात. ठोकळा मध्येच काढून पुन्हा चढवायचा असेल, तर सेंटरच्या एका दातावर आणि त्याच्यासमोरच्या लाकडावर खूण करून ठेवावी. प्रत्येक दात पूर्वीच्याच खळगीत परत गेला की जॉब पहिल्यासारखा खरा फिरतो.

सेंटर लेथमध्ये ज्या निमुळत्या शेपटाने बसते, त्याला मोर्स टेपर म्हणतात. लाकूडकामाच्या लहान आणि मध्यम लेथवर बहुधा दोन नंबरचा मोर्स टेपर असतो. मोठ्या टोकाला त्याचा व्यास सुमारे १७.८ मिलिमीटर असतो आणि दर २० मिलिमीटर लांबीला तो साधारण १ मिलिमीटरने कमी होतो. या मंद उतारामुळे केवळ घर्षणावर तो घट्ट बसतो. त्याला चावी लागत नाही की स्क्रू लागत नाही. पण म्हणूनच आत लाकडाचा भुसा अडकला किंवा तेलाचा थर राहिला, तर सेंटर डुलते किंवा भोकातच घसरते. दर वेळी कोरड्या फडक्याने भोक आणि शेपूट पुसणे एवढाच त्याचा उपाय आहे. भोक पुसताना लेथ बंद असावा, हे सांगायला नको, तरीही सांगतो.

स्पर सेंटरला आणखी एक पर्याय आहे. त्यात दोन-चार मोठ्या दातांऐवजी बारीक दातांचे पूर्ण कडे असते आणि मधली अणी स्प्रिंगवर असते. हत्यार अचानक अडकले, तर मोठे दात लाकूड ओढून नेण्याचा प्रयत्न करतात आणि हत्याराला झटका बसतो. बारीक दातांचे कडे मात्र लाकडावर घसरते आणि जॉब नुसता थांबतो. शिकणाऱ्यासाठी मी नेहमी हेच सुचवतो. दाब किती हवा हेही त्याने हाताला चटकन कळते: टेलस्टॉक सैल असेल तर जॉब लगेच थांबतो.

टेलस्टॉकची बाजू

उद्यमनगरात तयार झालेल्या हाताची मोठी फसगत येथे होते. लोखंडाच्या लेथचे टेलस्टॉक सेंटर ६० अंशांच्या कोनाचे, पेन्सिलीसारखे टोकदार असते. लोखंडी जॉबला आधी सेंटर ड्रिलने त्याच कोनाची खळगी पाडतात आणि दाब त्या खळगीच्या भिंतींवर सारखा वाटला जातो. लाकडात तेच टोक रेष्यांच्या दिशेने घुसते आणि त्यांना बाजूला ढकलते. जितके आवळाल तितके ते आत जाते, जितके आत जाते तितके लाकूड चिरते. सरपण फोडताना कुऱ्हाडीच्या भेगेत पाचर ठोकतात. हे काम तेच आहे.

लाकडासाठी कप सेंटर हवे. त्याला मध्ये लहान अणी आणि भोवती गोल कडा असते. अणी थोडीशी रुतते, मग कडा लाकडाच्या टोकावर टेकते आणि दाब रुंद वर्तुळावर पसरतो. रेषे बाजूला ढकलले जाण्याऐवजी त्या कडेच्या आत आवळून राहतात. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या बारीक दांड्याला तर कप सेंटरशिवाय हात घालू नये.

हे सेंटर फिरते की स्थिर, हाही प्रश्न आहे. स्थिर सेंटरवर लाकूड घासत फिरते, तापते, जळून काळे पडते आणि जळालेले लाकूड म्हणजे सैल झालेली पकड. पूर्वी त्यासाठी भोकात मेण, साबण किंवा तेल घालत. आज बेअरिंगवर फिरणारे सेंटर, ज्याला कोणी लाइव्ह तर कोणी रिव्हॉल्विंग सेंटर म्हणतात, सहज मिळत असताना स्थिर सेंटरवर लाकूड कातण्याचे काही कारण उरलेले नाही. उजवीकडून करकर ऐकू आली किंवा जळका वास आला, तर फिरते सेंटर फिरायचे थांबले आहे असे समजून लगेच लेथ बंद करावा.

दाब किती द्यायचा? लेथ बंद ठेवून एका हाताने जॉब फिरवत दुसऱ्या हाताने टेलस्टॉकचे चाक आवळत जावे. दात आणि कप पुरते रुतले आणि चाक जड लागू लागले की थांबावे. मग दांडा जाड असेल तर तसेच ठेवावे, बारीक असेल तर किंचित सैल करावे. बारीक दांड्यावर जादा दाब दिला तर तो धनुष्यासारखा मध्ये वाकतो, आणि मग मध्यभाग कापताना हत्याराखाली नाचतो. क्विल, म्हणजे टेलस्टॉकमधून पुढे सरकणारी नळी, फार बाहेर काढू नये. संपूर्ण टेलस्टॉक जॉबजवळ आणून बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, घट्ट करावा आणि क्विल थोडीच पुढे घ्यावी. शेवटी क्विलचा लॉक लावावा. हा लॉक विसरला, तर थरथरीने चाक हळूहळू स्वतःच उलटे फिरते.

यानंतर लेथ मिनिटभर चालवून बंद करावा आणि चाक पुन्हा तपासावे. ते जवळजवळ दर वेळी थोडे पुढे जातेच, कारण त्या मिनिटभरात दातांखालचे लाकूड चेपलेले असते. ठोकळा गोल झाल्यावर पुन्हा, आणि बारीक काम सुरू करण्यापूर्वी आणखी एकदा, असे करावे. ओले लाकूड असेल तर याहूनही वारंवार. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या शेडमध्ये ठेवलेले लाकूड मुरलेले असले तरी हवेतला ओलावा घेतेच, आणि तेव्हा दात नेहमीपेक्षा जास्त खोल जातात.

वेग आणि असमतोल

पकडीवर सर्वांत जास्त ताण येतो तो ठोकळा गोल होण्यापूर्वी. ७५ मिलिमीटर चौरस आणि ६०० मिलिमीटर लांब असा सागवानाचा ठोकळा घेतला, तर त्याचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरते. त्याचा मध्य ३ मिलिमीटरने चुकला आहे असे समजू. मिनिटाला ५०० फेऱ्यांवर तो सेंटरना बाहेर ओढतो ते सुमारे दोन किलो वजनाइतक्या ओढीने. ती कोणाच्या लक्षातही येत नाही. वेग १५०० केला की ती ओढ तिप्पट न होता नऊपट होते, म्हणजे सुमारे १६ किलो. आणि ३००० केला की ६५ किलोच्या पुढे जाते, तीही सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलत. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हा हिशोब कोणत्याही ठोकळ्याला लागू आहे.

म्हणून सुरुवात लेथच्या सर्वांत कमी वेगावर करावी. मोठ्या ठोकळ्याचे चार कोपरे आधीच रंध्याने किंवा करवतीने काढून त्याला आठ बाजू दिल्या, तर हत्याराला बसणारे धक्केही कमी होतात. गोल झाल्यानंतर वेग किती वाढवायचा याचा एक जुना अंदाज आहे: व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे. तीन इंची दांड्याला हे २००० ते ३००० येते. ही वरची मर्यादा समजावी. तिथपर्यंत जाण्याची सक्ती नाही. तीन इंची दांडा २००० फेऱ्यांवर असताना त्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने पळत असतो, आणि निसटलेला तुकडा त्याच वेगाने निघतो.

लेथ सुरू करण्यापूर्वी टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, जॉबपासून ३ ते ६ मिलिमीटरवर आणून जॉब हाताने पूर्ण एक फेरी फिरवून पाहावा. एखादा कोपरा टूलरेस्टला लागत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. बटण दाबताना जॉबच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. नुसता गॉगल पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याचे कवच हवे. हातमोजे, सैल बाही, गळ्यातला गमछा, अंगठी या वस्तू लेथजवळ नकोत. लाकूड फिरत असताना टूलरेस्ट सरकवू नये.

लांब आणि बारीक दांडा

दांड्याची लांबी त्याच्या व्यासाच्या दहापटीपेक्षा जास्त झाली, की दोन टोकांची पकड कितीही चांगली असली तरी मध्य डगमगू लागतो. याचे गणित निष्ठुर आहे. व्यास ४० वरून २० मिलिमीटरवर आणला तर ताठपणा अर्धा न होता सोळावा हिस्सा होतो. लांबी दुप्पट केली तर त्याच दाबाखाली वाकणे आठपट होते. दांड्यावर मळसूत्रासारख्या तिरक्या खुणा उमटू लागल्या, तर तो मध्ये नाचत आहे हे ओळखावे. येथे टेलस्टॉक आणखी आवळणे हा उपाय नसून तीच चूक दुप्पट करणे होय.

खरा उपाय म्हणजे मध्ये आधार देणे. स्टेडी रेस्टची दोन-तीन चाके दांड्याला मागून टेकतात आणि हत्याराचा दाब झेलतात. ती नसेल तेव्हा अनुभवी कारागीर डाव्या हाताची बोटे मागून हलकीच टेकवतो. बोटे तापू लागली तर हत्यार जास्त दाबले जात आहे असा त्याचा अर्थ. बारीक भाग कातण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे: टेलस्टॉकच्या बाजूने सुरू करून हेडस्टॉककडे सरकत यावे, म्हणजे फिरवणारा पीळ ज्या भागातून जातो तो भाग शेवटपर्यंत जाड राहतो.

चक वापरावा का?

चक म्हणजे जॉब जबड्यांनी आवळून धरणारे साधन. चार जॉच्या, म्हणजे जबड्यांच्या, चकमध्ये टोकाचा गोल खुंटा पकडणे सोयीचे आहे आणि लहान वस्तूंसाठी, उदाहरणार्थ भोवरा किंवा दांड्याची मूठ, तेच योग्य आहे. खुंट्याचा खांदा जॉच्या तोंडाला टेकला पाहिजे आणि खुंट्याचे टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. लांब दांड्यासाठी मात्र चक आणि टेलस्टॉक एकत्र वापरताना एक विचित्र भांडण सुरू होते. चक म्हणतो जॉबचा अक्ष इकडे आहे, टेलस्टॉक म्हणतो तिकडे आहे. खुंटा किंचित तिरका असला तरी दोघे मिळून दांड्याला वाकवून ठेवतात, आणि सोडवल्यावर तो सरळ होताना वाकडा निघतो. दोन सेंटरमधल्या जॉबला हा त्रास नाही. शिवाय तो उलटा करून पुन्हा चढवला तरी अक्ष तोच राहतो. लोखंडी लेथचा तीन जॉचा चक तर चौकोनी ठोकळा नीट धरूच शकत नाही, आणि त्याचे बाहेर आलेले जॉ लाकडाच्या वेगावर फिरताना दिसेनासे होतात.

दोन फाळ्यांचा पॅटर्न

कोल्हापूरच्या फौंड्रीकामाशी ज्याचा संबंध आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट वेगळी सांगणे भाग आहे. गोल वस्तूचा पॅटर्न साच्याच्या वाळूतून काढता यावा म्हणून तो मधोमध दोन फाळ्यांत असतो. हे दोन फाळे आधी सपाट रंधून, डॉवेलने (लहान खुंट्यांनी) जुळवून, एकत्र धरून लेथवर कातावे लागतात. म्हणजे जॉबचा अक्ष नेमका सांध्याच्या रेषेवर येतो, आणि सेंटरची अणी जेथे टेकते तेथे लाकूड आधीच दुभंगलेले असते.

शिकाऊ असताना मी असा एक पॅटर्न एका शेडमध्ये लोखंडी लेथवर चढवला होता. टेलस्टॉकला तेच ६० अंशांचे सेंटर होते, टोकांना दोन लहान स्क्रू होते, आणि जॉब थोडा हलतो आहे असे वाटल्यावर मी चाक अर्धा फेरा आवळले. सेंटर सांध्यात घुसले, उजवीकडचा स्क्रू उपटला गेला आणि दोन फाळे दोन दिशांना गेले. एक पत्र्याच्या भिंतीला लागला. दुसरा कोठे गेला हे दुपारपर्यंत सापडले नव्हते. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता.

अशा कामात दोन्ही टोकांना ३०-४० मिलिमीटर जादा लाकूड ठेवून त्या जादा भागात सांध्याला आरपार स्क्रू बसवावेत, किंवा टोकांवर लोखंडी पट्टी मारून ती सांध्यावर आडवी येईल असे पाहावे. दुसरी रीत अशी की दोन फाळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही बाजूंनी गोंद लावायचा, शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवायचे आणि मग कातायचे. काम झाल्यावर सांध्यात पटाशी हलकेच घातली की कागद उभा फाटतो आणि फाळे सुटतात. कागदाचा सांधा ताणाला बऱ्यापैकी टिकतो, पण पाचरीला नाही, म्हणून त्यालाही टोकाला स्क्रू असावेतच. टेलस्टॉकला कप सेंटरच लावावे, कारण त्याची कडा दोन्ही फाळ्यांना एकत्र आवळते. हेडस्टॉकचे दोन दातांचे सेंटर असेल तर दात सांध्याला काटकोनात बसवावेत; चार दातांचे असेल तर सांधा दोन दातांच्या बरोबर मधून जावा, म्हणजे एकही दात सांध्यात शिरणार नाही आणि दोन्ही फाळ्यांना दोन-दोन दात मिळतील.

जॉब सोडवताना

दोन सेंटरमध्ये दाबलेला दांडा पार्टिंग टूलने (कापून वेगळे करायच्या अरुंद हत्याराने) आरपार कापण्याचा मोह टाळावा. खाच बारीक होत जाते तसा टेलस्टॉकचा दाब त्या खाचेला मिटवू पाहतो, हत्यार त्यात चिमटले जाते आणि शेवटचा धागा तुटताच दांडा उसळतो. टोकांना दहाएक मिलिमीटरचा देठ शिल्लक ठेवून लेथ बंद करावा, दांडा उतरवावा आणि देठ हातकरवतीने कापून पटाशीने साफ करावा. पॅटर्न असेल तर टोकावरच्या मध्याची खूण पूर्ण पुसू नये. मोल्डर (वाळूचा साचा करणारा) आणि कोअर बॉक्स (ओतीव वस्तूतल्या पोकळीसाठीच्या गाभ्याचा साचा) करणारा मिस्त्री दोघेही पुढची मापे त्याच बिंदूपासून घेतात.